पंधरा जागा, दोनशे मिनिटं: अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधल्या संघबदलांचा हिशेब कसा मांडायचा

२०२४ च्या एप्रिलमध्ये साउथ कॅरोलायना आणि आयोवा यांच्यातला महिला कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना अमेरिकेत सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. त्या वर्षी मुलांच्या अंतिम सामन्यालाही एवढे प्रेक्षक मिळाले नव्हते. आयोवाच्या केटलिन क्लार्कला बघायला म्हणून जे आले, त्यातले बरेच जण खेळासाठी थांबले. या थांबलेल्यांची पहिली तक्रार हमखास एकच असते: मार्चमध्ये ज्या मुलींची नावं तोंडपाठ झाली, त्यातल्या कितीतरी जणी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्याच कॉलेजच्या जर्सीत दिसतात. कोण गेली, का गेली आणि आता आपल्या संघाचं काय होणार, काही पत्ता लागत नाही.

पत्ता लागतो, फक्त उन्हाळ्यात थोडी मेहनत घ्यावी लागते. एक वही किंवा एक्सेलचं पान, संघाच्या वेबसाइटवरची खेळाडूंची यादी आणि मागच्या हंगामाची आकडेवारी एवढं सामान पुरतं. बातम्या नावांच्या येतात. कोच मात्र चार गोष्टी मोजत बसलेला असतो: जागा, वर्षं, मिनिटं आणि पैसे. आपणही तेच मोजायचं. हे सगळं एनसीएए, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना, हिच्या डिव्हिजन वन या सगळ्यात वरच्या स्तराबद्दल आहे, म्हणजे सुमारे ३६० कॉलेजांचे संघ. खालच्या डिव्हिजनांचे नियम वेगळे आहेत, त्यात इथे शिरत नाही.

पायरी १: पंधरा ओळी आखा

संघात जास्तीत जास्त १५ खेळाडू. हा आकडा वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

पूर्वी १५ हा शिष्यवृत्त्यांचा आकडा होता. म्हणजे पूर्ण शिष्यवृत्तीवर १५ मुली, आणि त्यावर स्वतःच्या खर्चाने शिकणाऱ्या दोन-चार जणी संघात ठेवल्या तरी चालायचं. त्यांना वॉक-ऑन म्हणतात. ६ जून २०२५ ला कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ या खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली आणि चित्र बदललं. आता तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांसाठी १५ ही संपूर्ण रोस्टरची, म्हणजे संघातल्या खेळाडूंच्या यादीची, मर्यादा आहे, शिष्यवृत्ती असो वा नसो. जुन्या खेळाडूंसाठी काही सवलती आहेत, पण नव्याने मांडणी करताना १५ धरूनच चाला.

वरवर पाहता महिला बास्केटबॉलला याचा फारसा फटका बसला नाही, आकडा तोच राहिला. खरा फटका वॉक-ऑन मुलींना बसला. बाकाच्या टोकाला बसून टाळ्या वाजवणारी, सरावात जीव तोडून धावणारी मुलगी आता पंधरातली एक जागा खाते. ती जागा तिला द्यायची की ट्रान्स्फर पोर्टलमधून (संघ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, पायरी ४ बघा) येणाऱ्या सहा फूट तीन इंचाच्या सेंटरसाठी, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच मुलीसाठी, रिकामी ठेवायची, हा प्रश्न कोचपुढे दर वसंतात येतो.

बरेच कोच पंधराच्या पंधरा जागा भरतही नाहीत. बारा-तेरा मुली घेऊन हंगाम काढायचा, म्हणजे खेळायला न मिळाल्याने नाराज होणाऱ्या कमी. हे गणित कधी अंगाशी येतं ते पुढे टेक्ससच्या गोष्टीत येईलच.

पायरी २: प्रत्येकीपुढे उरलेली वर्षं लिहा

मूळ नियम असा: कॉलेजात पाऊल टाकल्यापासून पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. पाचवं वर्ष हे राखीव. एखादी मुलगी एक हंगाम मुद्दाम न खेळता फक्त सराव करते, त्याला रेडशर्ट म्हणतात. दुखापत झाली तर वैद्यकीय सवलत मिळू शकते, पण तिच्या अटी आहेत: दुखापत हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात झालेली हवी आणि तोवर ती ३० टक्क्यांपेक्षा जास्त सामने खेळलेली नसावी. म्हणून डिसेंबरमध्ये गुडघा गेलेल्या मुलीला वर्ष परत मिळू शकतं आणि फेब्रुवारीत गुडघा गेलेलीला बहुधा मिळत नाही. वहीत दुखापतीचा महिना लिहायची सवय ठेवा.

त्यात २०२०-२१ चा कोविडचा हंगाम कोणाच्याच खात्यात धरला गेला नाही. त्यामुळे मधली चार-पाच वर्षं मैदानावर २३-२४ वर्षांच्या मुली सर्रास दिसत होत्या. ऑलिव्हिया माइल्सचंच बघा. ती जानेवारी २०२१ मध्ये, हायस्कूल लवकर आटोपून, नोत्र दामच्या संघात आली. तो हंगाम कोविडमुळे खात्यात धरला नाही. मग दोन पूर्ण हंगाम. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि २०२३-२४ हे अख्खं वर्ष गेलं. २०२४-२५ मध्ये परतली. आणि एवढं सगळं होऊनही तिच्याकडे एक हंगाम शिल्लक होता! तो तिने कुठे खर्च केला, हेही टेक्ससच्याच गोष्टीत येतं.

या रकान्याला जोडून आणखी एक रकाना हवा, जो चाहते सहसा विसरतात: अभ्यास. खेळायला पात्र राहण्यासाठी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के, चौथ्याच्या सुरुवातीला ६० टक्के आणि पाचव्याच्या सुरुवातीला ८० टक्के भाग पुरा झालेला लागतो. कॉलेज बदललं की जुने क्रेडिट नव्या पदवीत सगळेच धरले जातात असं नाही. दुसऱ्या वर्षानंतर बदललं तर सहसा निभतं. तिसऱ्या वर्षानंतर बदलताना इंजिनिअरिंगसारखा कडक अभ्यासक्रम असेल, तर गाडी इथेच अडते. पदवी हातात घेऊन मास्टर्सला जाणारी खेळाडू कोचना म्हणूनच इतकी आवडते. तिच्या बाबतीत हा घोळच नाही.

पायरी ३: दोनशे मिनिटं वाटा

माझ्या मते ही सगळ्यात कामाची पायरी आहे. बाकी काही केलं नाही तरी एवढं कराच.

सामना ४० मिनिटांचा, दहा-दहाच्या चार क्वार्टरचा. मैदानावर पाच जणी. म्हणजे एका सामन्यात वाटायला २०० मिनिटं. आकडेवारीच्या पानावर प्रत्येकीची सरासरी मिनिटं दिलेली असतात, ती उतरवून घ्या. आता समजा तुमच्या संघातल्या दोन सीनियर मुली, एक ३२ मिनिटं खेळणारी आणि एक २८ मिनिटं खेळणारी, पदवी घेऊन गेल्या. २४ मिनिटं खेळणारी एक पोर्टलमध्ये गेली. झाली ८४ मिनिटं. उरलेल्यांकडे ११६. म्हणजे कोचला ८४ मिनिटांची माणसं आणायची आहेत किंवा घरातून वर काढायची आहेत.

ही ८४ मिनिटं कोणत्या जागेवरची, हेही बघा. पॉइंट गार्डची, म्हणजे चेंडू वर आणून खेळ चालवणारीची, ३२ मिनिटं गेली तर ती सेंटर आणून भरत नाहीत. बातमी येते, ‘अमुक संघाने देशातली नंबर पाचची खेळाडू आणली’, आणि चाहते नाचतात. पण चेंडू वर घेऊन येणारी कोणी नसेल तर जानेवारीपर्यंत त्या नाचाचं काय होतं ते दिसतंच. उलट साधी वाटणारी भरती नेमक्या भोकात बसते. कॅटलिन चेन प्रिन्स्टनमध्ये पदवीधर झाली. प्रिन्स्टन ज्या आयव्ही लीग गटात आहे, तिथे पदवीनंतर खेळता येत नाही, आणि तिच्याकडे एक वर्ष उरलं होतं. ती २०२४ मध्ये यूकॉनला (कनेटिकट विद्यापीठ) आली, पॉइंट गार्ड म्हणून सुरुवातीच्या पाचांत खेळली, आणि ६ एप्रिल २०२५ ला टॅम्पामध्ये यूकॉनने साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असं हरवून २०१६ नंतरचं पहिलं विजेतेपद घेतलं. गाजावाजा पेज ब्यूकर्स आणि अझी फडचा होता, तो योग्यच होता. पण चेन नसती तर गार्डची मिनिटं कोणाला द्यायची हा प्रश्न कोच जीनो ऑरिएमांपुढे होताच.

मिनिटांचं पान उलट दिशेनेही वाचता येतं: पुढची कोण जाणार? गेल्या वर्षी २२ मिनिटं खेळलेली आणि यंदा १२ वर आलेली मुलगी, तिच्याच जागेवर हायस्कूलची मोठी खेळाडू येणार असेल तर, जवळजवळ नक्की जाते. मिलेशिया फुलविली साउथ कॅरोलायनाची सगळ्यात प्रेक्षणीय खेळाडू होती, पण बहुतेक सामन्यांत बाकावरून यायची. २०२५ च्या वसंतात ती थेट प्रतिस्पर्धी एलएसयूला (लुइझियाना स्टेट) गेली. त्याच वसंतात साउथ कॅरोलायनाने फ्लोरिडा स्टेटहून टनाया लॅटसन आणली, जी त्या हंगामात सामन्याला २५.२ गुणांनी देशात पहिली होती. एकाच संघात, एकाच महिन्यात, जवळपास एकाच जागेची ये-जा. ‘आयाराम-गयाराम’ म्हणून नाकं मुरडणारे इथेही आहेत. मला त्यात मुलींचा दोष दिसत नाही. चारच हंगाम हातात असलेल्या मुलीने त्यातला एक बाकावर बसून का घालवावा?

पायरी ४: पोर्टल समजून घ्या

ट्रान्स्फर पोर्टल म्हणजे एक डेटाबेस. तो १५ ऑक्टोबर २०१८ ला सुरू झाला. त्याआधी दुसऱ्या कॉलेजशी बोलायलासुद्धा आपल्या कॉलेजची परवानगी लागायची, आणि चिडलेला कोच ती अडवून धरायचा. आता मुलगी कॉलेजच्या नियम-पालन कार्यालयाला कळवते आणि त्यांना दोन कामकाजी दिवसांत तिचं नाव टाकावंच लागतं. नाव पडलं की इतर कोच तिच्याशी बोलू शकतात. त्याआधी बोलणं नियमात बसत नाही. नाव पडल्यावर चोवीस तासांत नवं कॉलेज जाहीर झालं, तर काय झालं असेल ते आपण समजून घ्यायचं. आधीच ठरलेलं असेल तर ‘संपर्क करू नये’ अशी खूणही नावापुढे करता येते.

दोन गोष्टींत नवखे हमखास फसतात. एक, हा डेटाबेस तुम्हाआम्हाला दिसत नाही, कॉलेजच्या लोकांनाच दिसतो. आपल्याला कळतं ते पत्रकारांकडून आणि खेळाडूच्या स्वतःच्या इन्स्टाग्राम पोस्टवरून. म्हणून निनावी खात्यावरची ‘पक्की बातमी’ वहीत पेन्सिलीनेच लिहा. दोन, खिडकी (नाव टाकायचा ठरलेला काळ) बंद होण्याची तारीख ही पोर्टलमध्ये नाव टाकण्याची असते, कॉलेज निवडण्याची नाही. निवड मे-जूनपर्यंत चालू राहते. नाव टाकून परत मागेही घेता येतं, पण तोवर जुन्या कॉलेजला तिची पुढची शिष्यवृत्ती थांबवण्याची मोकळीक मिळालेली असते. दर वर्षी महिला डिव्हिजन वनमधून हजाराहून जास्त मुली नाव टाकतात आणि सगळ्यांना जागा मिळत नाही. काही जणी खालच्या डिव्हिजनला जातात, काहींचं बास्केटबॉल तिथेच संपतं. याच्या बातम्या होत नाहीत.

नियम सैल कसे झाले ते थोडक्यात. पूर्वी बास्केटबॉलमध्ये कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागे. एप्रिल २०२१ मध्ये पहिल्या बदलासाठी ही अट गेली. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल न्यायालयाने दुसऱ्या-तिसऱ्या बदलावरची बंदीही रोखून धरली, आणि एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने नियमच बदलला: अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा बदला आणि लगेच खेळा. खिडकीची मुदत मात्र आखडत गेली. आधी ६० दिवस, मग ४५, मग ३०, आणि पुढेही कमीच. ती कधी उघडते हेही बदलत असल्याने दर मार्चमध्ये त्या वर्षीच्या तारखा बघून घ्या. कोच बदलला तर त्या संघातल्या मुलींसाठी वेगळी खिडकी उघडते, तीही लक्षात असू द्या.

पायरी ५: कॅलेंडरमधली फट ओळखा

हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो, राष्ट्रीय स्पर्धा मार्चमध्ये, अंतिम सामना एप्रिलच्या सुरुवातीला. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्टही, म्हणजे संघांनी नव्या खेळाडू निवडण्याचा कार्यक्रमही, एप्रिलमध्येच. त्या वर्षात २२ पूर्ण करणारी, पण कॉलेजचा हंगाम शिल्लक असलेली खेळाडू ड्राफ्टला जाईल की थांबेल, हे अगदी शेवटच्या दिवसांत कळतं. आणि हायस्कूलच्या मुलींच्या सह्या होतात त्या आधीच्या नोव्हेंबरमध्ये.

म्हणजे कोच नोव्हेंबरमध्ये तीन हायस्कूल मुलींना शब्द देतो, आणि पुढच्या वर्षी कोण जाणार हे त्याला कळतं एप्रिलमध्ये. कोणी गेलंच नाही तर जागा कमी. पाच गेल्या तर तीन नवशिक्या मुली आणि मोठं भगदाड. म्हणून अनेक कोच आता हायस्कूलच्या कमी मुली घेतात आणि दोन-तीन जागा एप्रिलसाठी मोकळ्या ठेवतात. सतरा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने हे वाईट आहे. तिची स्पर्धा आता बाविशीतल्या, शंभर सामने खेळलेल्या बाईशी असते.

पायरी ६: नवी मुलगी बसते का ते तपासा

हेली व्हॅन लिथचे तीन आकडे वहीत लिहून ठेवण्यासारखे आहेत. लुइव्हिलला २०२२-२३ मध्ये सामन्याला १९.७ गुण. मग ती एलएसयूला गेली: ११.६. मग टीसीयूला (पुढे येणारा टेक्ससचा संघ): १७.९. मुलगी तीच. लुइव्हिलमध्ये ती गुण करणारी गार्ड होती. एलएसयूला एंजल रीस, अनीसा मॉरो, फ्लॉजे जॉन्सन अशा चेंडू मागणाऱ्या खेळाडूंच्या गर्दीत तिला पॉइंट गार्ड केलं गेलं. टीसीयूलाही ती पॉइंट गार्डच होती, पण तिथे तिच्यासाठी खेळ रचला होता: सहा फूट सात इंचाची सेडोना प्रिन्स वर येऊन आडोसा देणार, व्हॅन लिथ त्याच्या कडेने आत घुसणार, आणि कोपऱ्यात मॅडिसन कॉनर तीन गुणांसाठी टपलेली. बचाव करणाऱ्यांनी कोणाला सोडायचं? त्या वर्षी व्हॅन लिथ बिग ट्वेल्व्ह परिषदेची (परिषद म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) सर्वोत्तम खेळाडू ठरली.

तेव्हा नव्या मुलीपुढे गुणांची सरासरी लिहून थांबू नका. जुन्या संघात चेंडू तिच्या हातात किती असायचा? तिच्या आवडीची जागा नव्या संघात मोकळी आहे का? छोट्या परिषदेतून मोठ्या परिषदेत येत असेल तर आकडे थोडे खाली येणारच. कोचच्या मागोमाग आलेल्या मुलीचा अंदाज सोपा असतो: फेलिशा लेगेट-जॅक २०२२ मध्ये बफेलो सोडून सिराक्यूजला गेल्या तेव्हा डायशा फेअर त्यांच्याबरोबर गेली. खेळ तोच, भाषा तीच, फक्त शहर बदललं.

आणि दुय्यम भरतीकडे दुर्लक्ष नको. कोच किम मल्कींच्या एलएसयूने २०२२-२३ मध्ये नऊ नव्या मुली घेऊन विजेतेपद घेतलं, आयोवाला १०२-८५ असं हरवून. मेरीलँडहून आलेली एंजल रीस सगळ्यांना आठवते. त्या अंतिम सामन्यात संघात सर्वाधिक २२ गुण केले ते वेस्ट व्हर्जिनियाहून आलेल्या जास्मिन कार्सनने, बाकावरून येऊन.

टेक्ससची गोष्ट

टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी म्हणजे टीसीयू, फोर्ट वर्थ शहरात. रोस्टरचं गणित एकाच ठिकाणी सगळ्या बाजूंनी बघायचं असेल तर हा संघ बघा.

२०२२-२३ मध्ये ८ विजय, २३ पराभव. मार्क कॅम्बेल नवे कोच आले आणि पोर्टलमधून जवळपास नवा संघ उभा केला. ओरेगॉनहून प्रिन्स, ॲरिझोनाहून कॉनर. पहिले सलग १४ सामने जिंकले. मग जानेवारी २०२४ मध्ये दुखापतींची रांग लागली, प्रिन्सचं बोट मोडलं, आणि सामना खेळण्याइतक्या धडधाकट मुलीच उरल्या नाहीत. कॅन्सस स्टेट आणि आयोवा स्टेटविरुद्धचे दोन सामने सोडून द्यावे लागले. ते पराभव म्हणून नोंदले गेले. देशातल्या पहिल्या पाच परिषदांपैकी एकीतला संघ, आणि कोचने कॅम्पसवर जाहीर केलं की ज्या विद्यार्थिनींना बास्केटबॉल येतं त्यांनी चाचणीला यावं!

मुली आल्या. चौघींना घेतलं, त्यातली एक टीसीयूच्याच व्हॉलीबॉल संघातली. आठवड्याच्या आत संघ पुन्हा मैदानात उतरला आणि सेंट्रल फ्लोरिडाविरुद्ध जिंकला. महिला संघांकडे सरावासाठी कॉलेजच्या मुलांचा गट असतो, त्यांच्याशी खेळूनच या संघांचा सराव होतो. पण ती मुलं रोस्टरवर नसतात, सामन्याच्या दिवशी त्यांचा उपयोग शून्य. बाकाच्या टोकाच्या त्या ‘निरुपयोगी’ जागांची किंमत तेव्हा कळली. पायरी १ मधल्या मर्यादेनंतरही अशा वेळी पंधरापर्यंत जागा रिकाम्या असतील तरच मुली घेता येतात, हे ध्यानात घ्या.

पुढच्या उन्हाळ्यात व्हॅन लिथ आली. २०२४-२५ मध्ये ३४ विजय, ४ पराभव, बिग ट्वेल्व्हचं विजेतेपद आणि राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत पहिल्यांदाच प्रवेश. त्या वाटेवर त्यांनी शेवटच्या सोळांत नोत्र दामला हरवलं. नोत्र दामची पॉइंट गार्ड होती ऑलिव्हिया माइल्स. व्हॅन लिथ, प्रिन्स, कॉनर तिघींचीही वर्षं संपली होती, म्हणजे मिनिटांच्या पानावर जवळजवळ अर्धा संघ कोरा. काही दिवसांतच माइल्सने ड्राफ्टकडे पाठ फिरवली, पोर्टलमध्ये नाव टाकलं आणि टीसीयू गाठलं, जिथे पॉइंट गार्डची जागा नुकतीच मोकळी झाली होती आणि खेळ पॉइंट गार्डभोवतीच रचलेला होता.

याच प्रिन्सचं नाव आणखी एका कागदावर आहे. ज्या तडजोडीने १५ ची मर्यादा आणली, त्या खटल्यातल्या मूळ वादींत जलतरणपटू ग्रँट हाउसबरोबर सेडोना प्रिन्स होती.

पायरी ७: पैशांचा रकाना, अंदाजानेच

१ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावता येतं, त्याला एनआयएल म्हणतात. २०२५-२६ पासून कॉलेज स्वतःही खेळाडूंना पैसे देऊ शकतं, त्या पहिल्या वर्षी सगळ्या खेळांना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. यातला मोठा घास अमेरिकन फुटबॉलचा, मग मुलांच्या बास्केटबॉलचा. महिला बास्केटबॉलला पाच टक्के हा आकडा बऱ्याचदा ऐकू येतो; तो धरला तर दहा लाख डॉलर, पंधरा जणींत. प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं आणि फारसं कोणी सांगत नाही. तुलनेला एवढं पुरे: २०२५ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या ड्राफ्टमधल्या अगदी वरच्या मुलीचा पहिल्या वर्षाचा पगार ७९ हजार डॉलरांच्या आत होता. तेव्हा कॉलेजात आणखी एक वर्ष काढलेल्या मुलीला वेडं ठरवण्याआधी हा आकडा बघावा.

भारतातून किंवा इतर देशांतून आलेल्या मुलींचा मामला निराळा. बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोनाला खेळली, पंजाबची हरसिमरन कौर सॅन डिएगोला. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलीला अमेरिकेत राहून जाहिरातीचं काम करणं व्हिसाच्या दृष्टीने धोक्याचं आहे. कॉलेज बदललं की सेविसमधली (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदवही) नोंद नव्या कॉलेजकडे जायला हवी आणि नवा आय-ट्वेंटी, म्हणजे कॉलेजचा व्हिसासाठीचा कागद, निघायला हवा, हे आपल्याकडे मास्टर्सला गेलेल्या कोणालाही ठाऊक असतं. मुलीला तिकडे पाठवण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी कोचशी बोलताना शिष्यवृत्ती एका वर्षाची की पुढेही हमी आहे, आणि कोच गेला तर काय, हे दोन प्रश्न लेखी विचारून घ्यावेत.

पायरी ८: नोव्हेंबरमध्ये वही उघडा

ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू झालं की रोस्टर साधारण पक्कं होतं. तेव्हा पंधरा ओळी पुन्हा लिहा, परत आलेली मिनिटं आणि बाहेरून आलेली मिनिटं वेगळ्या रंगात. परतीची मिनिटं शंभराच्या खाली असतील तर पहिले दहा-बारा सामने संघ अडखळणार हे गृहीत धरा आणि नोव्हेंबरच्या पराभवांवरून कोचला शिव्या घालू नका. नव्या मुलींना एकमेकींच्या सवयी कळायला ख्रिसमस उजाडतो. जुनं नाव मोठं आहे म्हणून निश्चिंतही राहू नका: स्टॅनफर्डहून लॉरेन बेट्स यूसीएलएला गेली, किकी इरियाफेन यूएससीला गेली, तिथल्या कोच टॅरा व्हॅनडर्व्हिअर निवृत्त झाल्या, आणि २०२५ मध्ये स्टॅनफर्ड १९८७ नंतर पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिलं.

फोर्ट वर्थमधला संध्याकाळी सातचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सुरू होतो. पूर्व किनाऱ्यावरचा साडेपाचला. पूर्ण बघायला वेळ नसेल तर चौथ्या क्वार्टरची शेवटची पाच मिनिटं बघा आणि त्या वेळी मैदानावर कोणत्या पाच जणी आहेत ते वहीत टिपा. सुरुवातीच्या पाच जणी कोचने जाहीर केलेल्या असतात. भरवसा कोणावर आहे ते या शेवटच्या पाच जणींवरून कळतं. त्या पाचांत नसलेली, पण उन्हाळ्यात मोठ्या बातम्यांनी आलेली मुलगी दिसली, तर तिच्या नावापुढे पेन्सिलीने एक टिंब द्या. मार्चमध्ये कामाला येईल.